मुलांबरोबर चित्रकथा वाचणे
(आईबाप व गावोगावचे शिक्षक ह्यांच्याकरिता धडा)

बेलापूर व आसपासच्या गावांतील आईबाप आम्हांस वारंवार एक प्रश्न विचारतात. मूल वाचनालयात जाऊ लागले ही आनंदाची गोष्ट खरी; पण तेथून ते जे पुस्तक घरी आणते त्यात धड्यासारखे काहीच दिसत नाही. पानोपानी चित्रे, त्यांत आकाशात उडणारा किंवा भिंतीवर चढणारा कोणी अचाट बळाचा वीर, ठोसे, स्फोट, आणि चित्रांच्या कोपऱ्यांत कोंबलेली दोन-दोन ओळींची वाक्ये. ह्यास वाचन म्हणावे काय? असले पुस्तक मुलाच्या हाती राहू द्यावे, की परत पाठवावे?

ह्या प्रश्नास सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतात, असली पुस्तके घरात येऊच देऊ नयेत. दुसरे म्हणतात, मूल एका जागी गप्प बसले आहे ना, मग पाहू द्यावे. पहिल्या उत्तरात भीती आहे, दुसऱ्यात आळस आहे. आणि दोहोंतही मूल एकटेच राहते. आमचे सांगणे ह्याहून निराळे आहे. पुस्तक घरी राहू द्यावे, आणि मुलाशेजारी बसून ते त्याच्याबरोबर वाचावे. असे का करावे व कसे करावे, हे ह्या धड्यात क्रमाने पाहू.

१. चित्रकथा आपणांस नवी नाही

चित्र दाखवून गोष्ट सांगण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. चित्रकथी लोक चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरत, एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरीत, आणि वाद्यांच्या साथीवर कथा सांगत. बेलापुरावरून वाहणारी प्रवरा प्रवरासंगमास गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या काठी पुढे पैठण लागते. त्याच पैठणाचे नाव ह्या चित्रांच्या एका शैलीस पडले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर मंडळींनी ही कला आजवर राखली असून, तेथील परशुराम गंगावणे ह्यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली.

छापील वाङ्मयातही मुलांकरिता निराळी पत्रे काढण्याची परंपरा मराठीत चांगली जुनी आहे. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक ह्यांनी 'बालबोध' हे मासिक सुरू केले, १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी 'आनंद' काढले, आणि १९५२ पासून 'चांदोबा' घरोघर वाचला जाऊ लागला.

चौकटीचौकटींनी सांगितलेल्या चित्रकथा आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आल्या त्या १९६४ पासून. त्या वर्षी मुंबईस 'इंद्रजाल कॉमिक्स' निघू लागली व ती मराठीतही येत असत. त्यांतील वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे आज आजोबा झालेल्या पुष्कळांच्या ओळखीचे आहेत. ती मालिका १९९० साली बंद पडली. १९६७ साली अनंत पै ह्यांनी 'अमर चित्र कथा' आरंभिली. राम वाईरकर व प्रताप मुळीक ह्यांसारख्या चित्रकारांनी ती सजविली. ह्याच मुळीकांनी पुढे १९८६ साली हिंदीतील 'नागराज' ह्या वीराची पहिली चित्रे काढिली.

ह्या अचाट वीरांचा मूळपुरुष म्हणजे 'सुपरमॅन'. तो १९३८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे जनक जेरी सीगल व जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातील, परदेशांतून येऊन वसलेल्या यहूदी कुटुंबांतील तरुण होते. डोंगर हलविणारा वीर त्यांनी कल्पिला, पण त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांस त्यांच्याकडून विकत घेतले गेले. त्यांनी पुष्कळ वर्षे विपन्नावस्थेत काढिली. आणि शेवटी १९७५ साली, लोकांनी आवाज उठविल्यावर, त्यांस वार्षिक वेतन व पुस्तकावर नाव मिळाले. ही हकीकत मुलांस अवश्य सांगावी. कागदावरचा वीर आपल्या जनकांस न्याय मिळवून देऊ शकला नाही. तो जिवंत माणसांनी मिळवून दिला.

२. भीती कोणती खरी, कोणती पोकळ

चित्रकथांनी मुले बिघडतात ही ओरड आजची नाही. १९५४ साली अमेरिकेत डॉक्टर फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसवैद्याने एक ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, मुलांच्या गुन्हेगारीस ही पुस्तके कारण आहेत. हा मनुष्य दुष्ट नव्हता. न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय गरिबांकरिता त्याने दवाखाना चालविला होता. त्याच्या लिखाणाने देशभर खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियम घालून घेतले. आपल्या देशातही १९५६ साली अल्पवयीनांस अपायकारक होणाऱ्या प्रकाशनांविषयी कायदा झाला. चित्रांनी सांगितलेल्या ज्या गोष्टींत गुन्हे, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रसंग अशा रीतीने दाखविलेले असतात की तरुण वाचकाचे मन बिघडावे, त्या गोष्टी ह्या कायद्याच्या कक्षेत येतात.

पुढे वर्थमची टिपणे अभ्यासकांस खुली झाली. कॅरल टिली नावाच्या ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापिकेने ती तपासली, आणि २०१२ साली दाखवून दिले की, मुलांच्या तोंडची वाक्ये त्याने ठिकठिकाणी बदलली होती, व मुलांच्या दुःखाची इतर कारणे गाळून टाकली होती. ती कारणे बाजूस राहिली आणि दोष पुस्तकाच्या माथी आला. ह्यावरून आपण हे शिकावे की, मूल चिडखोर किंवा उदास झाले तर पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वी आपल्या घरात काय चालले आहे ते पाहावे.

तथापि सर्वच भीती पोकळ आहे असे आमचे म्हणणे नाही. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही मालिका सुरू झाली. त्या काळी, त्या वीराचे अनुकरण करू जाऊन किंवा तो येऊन वाचवील अशा आशेने, मुलांनी स्वतःस इजा करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पाच-सहा वर्षांच्या मुलास खरे व कल्पित ह्यांमधील रेघ मोठ्यांइतकी स्पष्ट दिसत नाही. आमच्याकडे उघड्या विहिरी आहेत, धाब्याची घरे आहेत, विजेचे खांब आहेत. म्हणून पहिल्याच दिवशी मुलास स्पष्ट शब्दांत सांगावे: "हा चित्रातला माणूस आहे. चित्रात तो पडत नाही, कारण चित्रकाराने त्यास तसे काढिले. तू आणि मी पडतो." हे एकदा सांगून भागत नाही. मूल गळ्यास टॉवेल बांधून ओट्यावर चढलेले दिसले की पुनः सांगावे. आणि हे सांगावयास जवळ कोणी मोठे माणूस असावे लागते. बरोबर बसून वाचण्याचे पहिले कारण हेच.

३. वाचण्याची रीत

चित्रकथा वाचणे सोपे आहे असे ज्यांस वाटते त्यांनी एकदा वाचून पाहावी. पुष्कळ मोठी माणसे कोणती चौकट आधी व कोणती मागाहून ह्यातच घोटाळतात. नियम असा: डावीकडून उजवीकडे, मग खालची ओळ. एका चौकटीत दोघे बोलत असतील तर जो फुगा वर व डावीकडे असेल तो आधी वाचावा. फुग्याची शेपटी ज्याच्या तोंडाकडे जाते तो बोलतो. फुगा ढगासारखा असेल तर ते बोलणे नसून मनातील विचार होय. वर किंवा खाली चौकोनात लिहिलेले वाक्य गोष्ट सांगणाऱ्याचे असते.

आता मुख्य गोष्ट. एका चौकटीत वीर छपरावर उभा आहे. पुढच्या चौकटीत चोर दोरीने बांधलेला आहे. मध्ये काय झाले? ते छापलेले नाही. त्या दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत मूल आपल्या मनाने उडी, झटापट व गाठ हे सर्व घालते. स्कॉट मॅक्लाउड नावाच्या अमेरिकन चित्रकथाकाराने १९९३ साली आपल्या पुस्तकात ही गोष्ट चांगली उलगडून दाखविली आहे. म्हणून चित्रकथेत बुद्धीस काम नाही असे म्हणू नये. न लिहिलेले ओळखणे हे वाचनातील कठीण काम आहे, आणि ते मूल येथे खेळता खेळता करिते.

घरी वाचताना हा क्रम ठेवावा:

पहिल्या वेळी अक्षरे वाचू नयेत. दोघांनी मिळून केवळ चित्रे पाहावी, आणि गोष्ट काय असावी ते मुलाने सांगावे.

दुसऱ्या वेळी बोट ठेवून वाचावे. 'धप्प', 'खट्ट', 'धडाम' असे आवाज मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. ज्या मुलास पाठ्यपुस्तकातील जोडाक्षर उलगडत नाही, ते 'धप्प' मधील जोडाक्षर आनंदाने ओरडून वाचते. ह्या आवाजांचा पुरेपूर उपयोग करावा.

तिसऱ्या वेळी पात्रे वाटून घ्यावी. दुष्टाचे बोलणे बापाने वाचावे, वीराचे मुलाने. मग उलट करावे. दुष्टाची वाक्ये स्वतःच्या तोंडाने म्हटली म्हणजे ती कशी वाटतात, हे मुलास तेव्हाच कळते.

ज्या आईस अक्षरे येत नाहीत तिने ह्यात मागे राहू नये. पहिल्या वाचनास अक्षरे लागतच नाहीत. चेहरा पाहून राग की भीती हे ती मुलापेक्षा चांगले ओळखील. मूल अक्षरे वाचील, आई मुद्रा वाचील, आणि गोष्ट दोघांची होईल. मूल विचारील, "आई, ह्याने त्याला का मारले?" तर लगेच उत्तर देऊ नये. म्हणावे, "बाळ, मागचे पान उलट बघू. आधी काय झाले होते?" अशा रीतीने कित्येक आया लेकरांबरोबर अक्षरेही शिकू शकतील, आणि त्यात लाज बाळगण्याचे काही कारण नाही.

वाचनालयात पुष्कळ चित्रकथा हिंदी असतात. लिपी एकच असल्याने मूल त्या वाचू लागते. त्यास प्रतिबंध करू नये; मात्र मराठीतील 'वेताळ' हिंदीत 'वेताल' का होतो, अशा गमती दाखवीत जावे. त्याने दोन्ही भाषा स्वच्छ होतात.

४. तीन प्रश्न

पुस्तक मिटल्यावर तीन प्रश्न विचारावे. परीक्षेसारखे विचारू नयेत. भाकरी खाता खाता विचारावे.

पहिला प्रश्न: ह्याचे बळ कोठून आले, आणि ते कोणासाठी वापरले? नागराजाची गोष्ट येथे उपयोगी पडते. एका दुष्ट शास्त्रज्ञाने त्यास भाड्याने देण्याचे हत्यार म्हणून तयार केले होते. त्याच्या तावडीतून सुटल्यावर तेच बळ त्याने लोकरक्षणास लाविले. म्हणजे बळ निराळे व ते वापरण्याची बुद्धी निराळी. शमशोनाची कथा ज्यांस ठाऊक आहे त्यांस हे नवे वाटू नये. 'स्पायडरमॅन' हा वीर १९६२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यास अद्भुत बळ मिळाले असताना, आपणास काय त्याचे, असे म्हणून त्याने एका चोरास पळू दिले. त्याच चोराने पुढे त्याच्या चुलत्याचा जीव घेतला. २००४ साली ह्या गोष्टीचे भारतीय रूप निघाले. त्यातील मुलगा खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस शिकावयास जातो, आणि धोतर नेसतो म्हणून तेथील मुले त्याची थट्टा करितात. आमच्या ज्या मुलांस गाव सोडून वसतिगृहात जावे लागते, त्यांस ही गोष्ट जवळची वाटेल.

दुसरा प्रश्न: दुष्ट मनुष्य कसा काढला आहे? हा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा समजतो. पुष्कळ चित्रकथांत नायक गोरा व नाकेला असतो, आणि राक्षस किंवा चोर काळा, जाड ओठांचा व विद्रूप असतो. 'अमर चित्र कथे'च्या जुन्या अंकांवरही अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आहे. आमची लेकरे बहुधा सावळी आहेत. त्यांनी अशी शंभर पुस्तके एकट्याने वाचली तर, कोणी तोंडाने न सांगताही, ती एक धडा शिकतील: आपला रंग दुष्टाचा आहे. ज्या लोकांनी जन्मावरून व रंगावरून पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्यांच्या घरी हा धडा पुस्तकाच्या वाटेने पुनः येऊ नये. पुस्तक बंद करून तो थांबणार नाही, कारण तोच धडा जाहिरातींत आहे व लग्नाच्या बोलाचालींतही आहे. तो थांबतो तो जवळ बसलेल्या आईने विचारल्यावर: "ह्या चोराला काळे का काढले असेल? आपल्या गावात गोऱ्या माणसाने कधी लबाडी केली नाही काय?" मूल हसेल, पण विसरणार नाही.

तिसरा प्रश्न: ज्यांस वाचविले ते लोक स्वतः काय करीत होते? वेताळाची गोष्ट घ्या. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली ती रचली. दूरच्या अरण्यातील काळ्या लोकांचे रक्षण परदेशातून आलेल्या एका गोऱ्या माणसाचे कुळ पिढ्यान्‌पिढ्या करिते. बापामागे मुलगा तोच मुखवटा चढवितो, आणि लोक समजतात की हा अमरच आहे. गोष्ट रंजक आहे व वेताळ दयाळूही आहे. पण मुलास विचारावे: एवढ्या वर्षांत त्या अरण्यातील एकही मनुष्य शूर निपजला नाही काय? त्यांच्यातील कोणी मुखवटा का चढवीत नाही?

हा प्रश्न विचारल्यावर, ज्यांस अचाट बळ मुळीच नाही अशा नायकांकडे मुलास वळवावे. प्राण ह्यांचे 'चाचा चौधरी' हे म्हातारे गृहस्थ केवळ बुद्धीने जिंकतात. अंगबळाकरिता त्यांच्याजवळ साबू आहे, पण विचार चाचांचा असतो. १९८७ साली अनुपम सिन्हा ह्यांनी निर्माण केलेला 'सुपर कमांडो ध्रुव' विज्ञानाच्या ज्ञानावर लढतो. आणि जी गोष्ट कल्पित नाही ती ह्या सर्वांहून मोठी आहे. 'अमर चित्र कथे'त १९७९ साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आले. २०११ साली निघालेल्या 'भीमायन' ह्या इंग्रजी चित्रग्रंथात दुर्गाबाई व सुभाष व्याम ह्या गोंड चित्रकारांनी तेच जीवन आपल्या रीतीने काढिले. त्यात माणसांस चौकटीत कोंडलेले नाही. गोड बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे आहेत, आणि विषारी बोलणाऱ्यांच्या फुग्यांस विंचवाची नांगी आहे. अक्षर न ओळखणाऱ्या आजीसही तो फुगा वाचता येईल.

त्या ग्रंथात १९०१ सालची हकीकत आहे. लहानगा भीम भावंडांसह वडिलांस भेटावयास निघाला, मसूर स्टेशनावर उतरला, आणि जात कळल्यावर कोणी गाडीवान त्यांस नेईना. दुप्पट भाडे कबूल केल्यावर गाडी मिळाली, पण ती मुलांनी स्वतः हाकावयाची होती. शिदोरी जवळ होती. पाणी मात्र रात्रभर कोणी दिले नाही. मुलास विचारावे: त्या रात्री आकाशातून कोणी वीर आला काय? आला नाही. तहानलेला मुलगाच पुढे शिकला, आणि इतरांच्या पाण्याकरिता १९२७ साली महाडच्या तळ्यावर गेला. अचाट वीरांची पुस्तके वाचून मुलाने शेवटी येथे पोहोचावे, एवढ्याकरिता आम्ही हा सर्व खटाटोप सांगत आहो. वाट पाहणाऱ्यांच्या चित्रात स्वतःस पाहण्याची सवय त्यास लागू नये. आपल्या हातीही काही बळ आहे, आणि त्याचा हिशेब आपणास द्यावयाचा आहे, हे त्यास कळावे.

५. वाचनालयाविषयी थोडे

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, आणि त्याखाली अनेक गावांतील वाचनालयांस सरकारी अनुदान मिळते. ते वाचनालय आपलेच आहे. चांगल्या चित्रकथा तेथे नसतील तर दहा पालकांनी मिळून ग्रंथपालास नावे लिहून द्यावी. मुलींसही तेथे पाठवावे. ही पुस्तके मुलग्यांचीच होत असे मानू नये. पुस्तक ओल्या हाताने धरू नये, चित्रे कापू नयेत, व मुदतीत परत करावे. परत करावयास मुलानेच जावे. पुढचे मूल त्या पुस्तकाची वाट पाहत आहे हे समजणे, हाही ह्या धड्याचाच एक भाग होय.

मंडळीत विचार करण्याजोगे प्रश्न

१. आपल्या घरी गेल्या महिन्यात मुलाने कोणते पुस्तक आणिले? त्यात काय होते ते आपणास सांगता येते काय?

२. चित्रकथेतील दोन चौकटींच्या मध्ये मूल कोणते काम करिते?

३. वर्थमच्या हकीकतीवरून आईबापांनी काय शिकावे?

४. आपल्या घरातील एका चित्रकथेत दुष्ट मनुष्य कसा काढला आहे ते पाहा. मुलास त्याविषयी काय विचाराल?

५. ज्या घरी कोणासही वाचता येत नाही, त्या घरच्या मुलाशेजारी आठवड्यातून एकदा कोण बसेल? नाव ठरवूनच उठावे.